वाळणकोंडीचे मासे

मुंबईच्या मत्स्यालयात, काचेपुढच्या अंधारात नातू माझ्यावर मोबाइल रोखून म्हणाला, "आजी, हलू नकोस हां, उजेड कमी आहे." आणि मला एकदम ओल्या शेवाळाचा वास आला.

आमच्या महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात देवीचे मासे आहेत. त्यांना कुणी धरत नाही, उलट माणसंच त्यांना खाऊ घालायला जातात. मी सात-आठ वर्षांची असेन. मुंबईहून बोटीनं दासगावला उतरलेल्या मामानं नवा कॅमेरा आणला होता. त्यानं आम्हा सगळ्यांना डोहाकाठी उभं केलं. दोन्हीकडे कातळ, वर दाट झाडी, त्यामुळे भर दुपारी तिथे तिन्हीसांजेसारखा उजेड. मामानं ती काळी पेटी दगडावर ठेवली. "मी 'झालं' म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाय."

आम्ही श्वास रोखले. तेवढ्यात आईच्या पायाशी मासे वर आले, तोंडं उघडून. आई वाकली आणि कुरमुरे टाकू लागली.

"अगो, हलू नको!" मामा ओरडला.

"देवीचे हायत रे. तोंड उघडल्यावर त्यांना ताटकळत ठेवायचं नसतं."

फोटो आला तेव्हा आम्ही पोरं त्यात ठसठशीत होतो, पण पाण्यात एकही मासा नव्हता. "मासे गेले कुठे?" म्हणून मी मामाचं डोकं खाल्लं.

"हलणारं फोटोत येत नाय गो," तो म्हणाला.

तो फोटो अजून माझ्याकडे आहे. आईचा तेवढा एकच. तिच्या जागी पाण्याकडे वाकलेला पांढरट धूर आहे.

मी तेव्हा फक्त माशांचंच विचारलं होतं.