आमच्या वाडीचा बोलका संकासूर

शिमग्यात घरोघर नाचत फिरणाऱ्या आमच्या वाडीच्या खेळ्यांना हजार वर्षांची परंपरा आहे, हा शोध माझा. लोककलांची नोंद करायला एक सरकारी पथक आलं होतं. त्यातल्या मॅडमनी विचारलं, "हे साधारण किती जुनं असेल?" मी शाळेत इतिहास शिकवतो, त्यामुळे 'ठाऊक नाही' म्हणायची सवय नाही. शिवाय मॅडमच्या पेनाचं टोपण निघालेलं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "हजारेक वर्षं तरी असेल." पुढे ते पुस्तिकेत छापून आलं, 'असेल' वगळून.

काका माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी हूं की चूं केलं नाही. आठवडाभराने शिमगा आला. खेळे आमच्या अंगणात नाचले, मृदंग थांबला, आणि काळा झगा, उंच काळी टोपी, छातीवर पांढरी दाढी असा संकासूर कमरेचे घुंगूर वाजवत माझ्यापुढे येऊन उभा राहिला. सगळ्या वाडीसमोर कमरेत वाकून म्हणाला, "ह्यांना ओळखलंत ना? हजार वर्षांपूर्वी पहिला खेळ झाला तेव्हा पुढच्या बाकावर हेच गुरुजी बसले होते. ह्या अंगणाला तेव्हापासून खळगा पडलाय." झग्यातला संकासूर म्हणजे अर्थातच काका, माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ.

उरलेलं वर्षभर ह्या माणसाचा आवाज कुणी ऐकलेला नव्हता. मिरजोळ्याच्या एका कारखान्यात ते हजेरी लिहायचे. शेजारच्या टेबलावरून टाचणी हवी असली तरी चिठ्ठी लिहून पाठवायचे. काकी सांगायची, "बघायला आले तेव्हा आम्हाला वाटलं, मुलगा मुका आहे. बाबा म्हणाले, असू दे, गरीब दिसतो. पहिल्या शिमग्यात कळलं, चांगलंच फसवलान." ज्या साहेबाला काका वर्षभर मान खाली घालून नमस्कार करायचे, तो एकदा हौसेने खेळे बघायला आला. संकासुराने त्याच्या चालण्यापासून डब्यातल्या पडवळापर्यंत सगळं काढलं. दुसऱ्या दिवशी काका पुन्हा मान खाली घालून कामावर. साहेबाने मात्र त्यानंतर पडवळ आणलं नाही.

आसपासच्या बऱ्याच गावांतला संकासूर बोलत नाही. तो नाचतो, पोरांच्या मागे धावतो. आमचा बोलतो, हाच आमचा मान. पंचक्रोशीत आम्हाला 'बोलक्या संकासुराचे' म्हणतात आणि आमच्याकडे मुली देताना थोडा विचार करतात. ह्या बोलण्याचे काकांचे नियम होते. कुणाला वगळायचं नाही, हा पहिला. "ज्याला बोललो नाही तो घरी जाऊन रडतो," ते म्हणायचे. आणि दुसरा, ज्याच्या घरात काही बिनसलं असेल, त्याला हटकून बोलायचं.

हा दुसरा नियम मला क्रूर वाटायचा. मग एका वर्षी वरच्या घरातले आमचे शेजारी, भाऊ, मुंबईची नोकरी जाऊन परत आले. माणूस पडवीच्या बाहेर येईना. आम्ही सगळे शहाणे त्यांच्या दारावरून जाताना आवाज खाली करायचो. खेळे त्यांच्या अंगणात गेले. संकासुराने खांबाआड उभ्या भाऊंना शोधून काढलं आणि विचारलं, "काय भाऊ, मुंबईने तुम्हाला काढलान, की तुम्ही मुंबईला काढलंत? खरं सांगा, तिथे फार गर्दी झाली म्हणून एक माणूस कमी केलात ना?" भाऊ आधी गोरेमोरे झाले. मग त्यांच्या पोटातून जे हसू आलं ते त्यांना आवरेना. दुसऱ्या दिवशी ते नाक्यावर चहाला दिसले. काकांना मी नंतर विचारलं तेव्हा ते नेहमीच्या बारीक आवाजात म्हणाले, "दुःखात सगळे जपून बोलायला लागले ना रे, की माणसाला वाटतं आपण मेलोच."

तर ते पथक. मॅडम चांगल्या होत्या, कळवळ्याने आलेल्या होत्या. त्यांना सगळं 'मूळ' हवं होतं. काकांची दाढी होती ट्रॉलरवरच्या नायलॉनच्या दोराची, पिंजून पांढरी केलेली. मॅडम म्हणाल्या, "पूर्वी ती घायपाताच्या वाखाची असायची ना? चित्रीकरणाला तशी लावाल का?" काकांनी मला जवळ बोलावलं आणि कानात सांगितलं, "त्यांना म्हणावं, वाख खाजतो. माझे वडील जन्मभर खाजवत नाचले. त्यांना नायलॉन मिळालं असतं तर आज तेच मूळ झालं असतं." मी एवढंच सांगितलं की काकांना वाखाची ॲलर्जी आहे.

वर्षभरात बातमी आली. एका मोठ्या शहरातल्या महोत्सवात आमच्या खेळ्यांची निवड झाली होती. वाडी हरखून गेली. मुंबईची पोरं रजा काढायला लागली. मग मॅडमचा फोन आला, थोडा अवघडलेला. वेळ थोडा मिळणार, आणि समोर मोठी माणसं बसणार, त्यामुळे संकासुराने बोलायचं नाही. बोलायचंच असेल तर आधी लिहून मंजूर करून घ्यायचं. "माझ्या हातात नाहीये हो," त्या म्हणाल्या.

देवळात बैठक बसली. काही म्हणाले, अपमान आहे, जायचं नाही. काही म्हणाले, वाडीचं नाव होतंय, एक दिवस गप्प राहिला संकासूर तर काय बिघडलं? सगळ्यांनी काकांकडे बघितलं. काका त्या वर्षी पोटाच्या दुखण्याने खंगले होते. ते उठले, घरी गेले, टोपी आणि दाढी घेऊन आले आणि मंगेशच्या मांडीवर ठेवली. मंगेश आमच्याच वाडीतला, मुंबईला कुरिअरचं काम करणारा, नाचायला एक नंबर, बोलायला लाजाळू. काका म्हणाले, "जा, नाचून या. नाव होऊ दे. मला गप्प राहून नाचता यायचं नाही."

महोत्सव आम्ही पडवीत बसून मोबाइलवर बघितला. मंगेश मोरासारखा नाचला. टाळ्या थांबेनात. काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. "नाच चांगला केलान," ते म्हणाले. मग मोबाइल पालथा ठेवला. "नाच टिकेल रे. तो फिल्ममध्येपण टिकतो. बोलण्याला माणूस लागतो." मी म्हटलं, "मग शिकवा ना मंगेशला. तुमची जुनी वाक्यं सांगा." "माझी वाक्यं म्हणालान तर ते शिळंच की. त्याचं त्याला सुचायला हवं. नाही सुचलं तर आपला संकासूर माझ्याबरोबर मुका झाला." काकांना कशाची एवढी चिंता करताना मी आधी पाहिलं नव्हतं, स्वतःच्या दुखण्याचीसुद्धा.

महोत्सवानंतरचा शिमगा आला तोवर डॉक्टरांनी हात टेकलेले होते. काकांना अंगणात खुर्चीवर बसवलं, गुडघ्यांवर शाल. खेळे आले. ह्या घराआधी मंगेश सगळ्या घरांतून नुसता नाचत आला होता आणि वाडी नुसती टाळ्या वाजवत होती. इथेही तो नाचला. मृदंग थांबला. बोलायची जागा आली आणि कुणीच काही बोलेना. काका टोपीखालच्या त्या पोराकडे टक लावून बघत होते. मंगेश घुंगूर न वाजवता हळूहळू खुर्चीपर्यंत आला.

"काय काका," तो म्हणाला. आवाज कापत होता. "वरचं रिझर्वेशन कन्फर्म झालं, की अजून वेटिंग?"

काकीच्या हातातलं नारळाचं तबक तिथल्या तिथे थांबलं. कुणीतरी "मंग्या" म्हणून दटावलंही.

"वेटिंग असेल तर उठा," मंगेश म्हणाला, आता जरा मोठ्याने, "आणि तोवर चार नारळ सोला. नुसते फलाटावर बसून काय राहिलात?"

काकांचे खांदे हलायला लागले. मी पुढे धावलो, वाटलं उबळ आली. ते हसत होते. हसता हसता खोकले, खोकता खोकता हसले, आणि झगा न घालता, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आरएसी. अर्धी सीट मिळाली आहे." मग अंगण असं हसलं की खालच्या वाडीची माणसं काय झालं म्हणून वर आली. काकी पदराने डोळे पुसत हसत होती. मंगेश तिथून जो सुटला तो पुढच्या प्रत्येक घरात बोलत गेला.

पाऊस लागायच्या आत काका गेले. मॅडम भेटायला आल्या. त्यांनी मंगेशची ती अंगणातली गोष्ट पूर्ण ऐकून घेतली, लिहून मात्र काही घेतलं नाही. त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

यंदा मी वाडीच्या वारसा समितीचा सचिव आहे. शिमग्यासाठी फलक मीच करून घेतला. खेळे आमच्या अंगणात आले. मंगेशने मला उभं केलं आणि सुरुवात केली. फलकावर देवीचा फोटो टपाल तिकिटाएवढा आणि सचिवांचा दाराएवढा कसा, इथपासून निघून तो माझ्या केसांचा कलप, भाषणातली आवंढ्यांची संख्या आणि पालखी खांद्यावर घेताना मला आठवणारी पाठदुखी, असं सगळं घेत गेला. वाडी लोळत होती. मी चेहरा शक्य तितका गंभीर ठेवला. आतून असं भरून आलं होतं की गंभीर ठेवणंच सोयीचं होतं.

खेळे पुढच्या घरी गेले. मी बायकोला म्हटलं, "बघितलंस ना? काय काय बोलला."

ती तबकातले सांडलेले तांदूळ गोळा करत होती. म्हणाली, "काकांनी पुतण्या म्हणून तुमचं बरंच झाकून ठेवलं होतं. ह्यानं काही ठेवलं नाही. चांगला तयार झालाय पोरगा."