नायकासाठी काढलेली गल्ली

पेंटरला कुणी विचारलं, की तुम्ही काय रंगवता, तर तो सांगे, "नटांची पाठ." आयुष्यभर त्याने नाटकांचे मागचे पडदे रंगवले. राजवाडे, अरण्यं, दिवाणखाने, एकदा तर अख्खा समुद्र. त्याच्या मते जगात हे एकच काम असं होतं, की लोकांनी त्याच्याकडे पाहिलं तर ते बिघडलं. प्रेक्षकाची नजर नटावरून घसरून मागच्या झाडावर गेली, की समजायचं, एक तर झाड वाईट आहे नाही तर नट. "आणि नटाला विचाराल, तर तो झाडच म्हणणार."

असा हा माणूस म्हातारपणी अचानक इतिहासकार झाला. त्यात त्याचा काही दोष नव्हता. रस्ता रुंद करायचा म्हणून जुन्या बाजारातली दुकानं पाडली गेली, आणि मग बऱ्याच वर्षांनी लोकांच्या लक्षात आलं, की त्या बाजाराचा धड एक फोटोही कुणाकडे नाही. होता तो एक पडदा. ऐन उमेदीत पेंटरने एका विनोदी नाटकासाठी तो बाजार रंगवला होता. नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांनी तो माळ्यावरून काढून झटकून घेतला, दर्शनी दालनात भिंतीपुढे हातभर जागा सोडून भिंतभर टांगला, खाली 'आपला जुना बाजार' अशी पाटी लावली आणि उद्घाटनाची तारीखही ठरवून टाकली. पेंटर घरी येऊन बायकोला म्हणाला, "उंदरांनी खायचं सोडलं, त्याचा आज इतिहास झाला."

पण मनातून स्वारी खूश होती. रोज सकाळी दाढी करून तो दालनात जाऊन बसे आणि आपण तिथे सहज आलो आहोत असं दाखवी. लोक येत, घड्याळवाल्याचं दुकान ओळखत, भांडीवाल्याची पितळी भांडी बोटाने दाखवत. पेंटर चेहरा पाडून म्हणे, "ठीक जमलंय आपलं," आणि कोणी 'ठीक कसलं, अप्रतिम' म्हणतंय का याची वाट बघे.

एक दिवस एक मध्यम वयाची बाई आली. तिने पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला, मग उलट दिशेने पाहिला.

"काका, हा तुम्हीच केलात ना?"

"चूक झाली खरी," पेंटर स्तुतीच्या तयारीने म्हणाला.

"मग आमचं दुकान कुठाय?"

ती टेलरमास्तरांची लेक होती. मास्तरांचं दुकान घड्याळवाला आणि भांडीवाला यांच्या बरोबर मधे होतं. पडद्यावर तिथे एक अरुंद गल्ली होती, आत आत सावलीत शिरत गेलेली.

"इथं कधी गल्ली होती?" तिने विचारलं.

मग पेंटरने तिला कला समजावून सांगितली. नायकाला आत यायला वाट लागते, ती मधोमध लागते, म्हणून तिथे कापड उभं चिरून फट ठेवायची आणि भोवती गल्ली रंगवायची, की नायक गल्लीतून आल्यासारखा वाटतो. त्याने ती फट उघडून दाखवली आणि स्वतः आतबाहेर करूनही दाखवलं. त्या वयात ते शोभत नव्हतं.

"ते कळलं," ती म्हणाली. "पण आमचंच दुकान का काढलंत? घड्याळवाल्याचं का नाही?"

"तिथं मोठं घड्याळ होतं. लांबून छान दिसायचं."

"आणि भांडीवाल्याचं?"

"पितळेची चकाकी रंगवायला मजा येते गं."

"आणि आमचं?"

पेंटरने पडद्यावरच्या गल्लीकडे पाहिलं. त्याची रंगकामाची खोली त्या दुकानाच्या अगदी समोर, वरच्या मजल्यावर होती. खिडकी उघडली की मास्तरांचं दार. आता आठवायला गेला, तर त्याला त्या दाराचा रंगसुद्धा आठवेना.

"बाबा रोज विचारतात, आपलं दुकान आहे ना पडद्यावर," ती म्हणाली. "त्यांचे डोळे अधू झालेत, तरी उद्घाटनाला येणार म्हणून हटून बसलेत. काय सांगू त्यांना? तुम्हाला ते दिसलं नव्हतं, की नको होतं?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती खरंच विचारत होती.

"त्यांना म्हणावं, आहे," पेंटर बोलून बसला. "उद्घाटनाला दुकान तिथं असेल."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. आता न पाहिलेलं दुकान काढायचं कसं? तो जुन्या लोकांना विचारत हिंडू लागला, की मास्तरांचं दुकान कसं दिसायचं. दूधवाला म्हणाला, "तिथं तर गल्ली होती. त्या गल्लीच्या तोंडाशी मी सायकलवरून आपटलो होतो, ही बघा खूण." निवृत्त मुख्याध्यापकांनी सांगितलं, की त्या गल्लीतून शाळा जवळ पडायची. सगळेजण पडदा पाहून आले होते, आणि पडद्यावर आहे म्हणजे ते असणारच. पेंटरला हसावं की रडावं कळेना. इतकी वर्षं त्याच्या पडद्याकडे कुणी पाहिलं नव्हतं, आणि आता पाहिलं, तर त्याच्या खोट्या गल्लीत लोक सायकलसकट पडत होते.

घरी येऊन त्याने बायकोला ही कर्मकथा ऐकवली. ती म्हणाली, "पण गल्ली होती की. तुम्ही मला पहिल्यांदा पाहिलंत ते त्या गल्लीच्या तोंडाशीच."

पेंटरने कपाळावर हात मारला. "तू तिथं उभी राहून करत काय होतीस?" तो वैतागून म्हणाला.

"कपडे शिवायला टाकले होते, ते आणायला..." ती थांबली. "उभी नव्हते. बसले होते. मास्तरांच्या दाराबाहेर बाक होता, हिरवा. त्याचा एक पाय आखूड, खाली वीट लावलेली. मास्तर म्हणाले, काजं व्हायचीत, बसा. बसून बसून कंटाळा आला म्हणून वर बघितलं, तर खिडकीत तुम्ही, ब्रश तोंडात धरून."

"मी तुझ्याकडे बघत होतो," पेंटर म्हणाला.

"ते बरोबरच आहे. पण बाक तरी बघायचा."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा सगळ्यांकडे गेला, पण आता दुकान कसं होतं हे विचारलं नाही. तिथं तुमचं काय काम होतं, एवढंच विचारलं. दूधवाल्याने आपली खूण पुन्हा चाचपली आणि तो म्हणाला, "आपटलो ते खरं, पण बाकाला धडकून. बाक पार रस्त्यात यायचा हो." मुख्याध्यापकांना आठवलं, की लहानपणी चड्डी उसवली की ते मधल्या सुट्टीत मास्तरांकडे धावत, आणि शिवून होईपर्यंत दाराआड उभं राहून चौकटीवर खडूने लिहिलेली गिऱ्हाइकांची मापं वाचत. कुणाला तडा गेलेला आरसा आठवला, कुणाला कोळशाची इस्त्री. एकेका प्रश्नाला दुकान थोडं थोडं परत येत गेलं.

पेंटरने फट जाड दोऱ्याने शिवून बंद केली, गल्ली पुसली आणि दुकान रंगवलं. एवढ्या भीतीने त्याने राजवाडेही रंगवले नव्हते.

उद्घाटनाच्या दिवशी लोक यायच्या आधीच लेक मास्तरांना हाताला धरून घेऊन आली. मास्तर पडद्याला नाक लावून उभे राहिले. मग हाताने पाहू लागले. बाकावरून हात फिरला, चौकटीवरून फिरला, आणि दाराच्या मधोमध थांबला.

"हे कुणी शिवलंय?" मास्तरांनी विचारलं.

"मी."

"उसवा."

"मास्तर, आधी दुकान तरी बघा."

"दुकान मला पाठ आहे. हे असले टाके माझ्या दारावर नकोत. सुई दे गं."

लेकीच्या पर्समध्ये सुईदोरा होताच. तिने तो ओवून दिला. पेंटरने आपले टाके उसवले आणि तो मागे जाऊन कापडाच्या दोन्ही कडा धरून उभा राहिला. सुई आतबाहेर होत होती, बोटांना लागत नव्हती. त्याला एकदम वाटलं, की या माणसाला आपण आयुष्यात एकही प्रश्न विचारला नाही.

"मास्तर," तो पडद्यामागून म्हणाला, "तुमच्या दारातून काय दिसायचं?"

"तुमची खिडकी," पलीकडून उत्तर आलं. "तुमचा सदरा नेहमी खांद्यावर उसवलेला. मी रोज म्हणायचो, आज हा माणूस खाली येईल."

पेंटरने मान वळवून आपल्या खांद्याकडे पाहिलं. बरं झालं, आपण पडद्यामागे आहोत, असं त्याला वाटलं.

इतक्यात व्यवस्थापक पाहुण्यांना घेऊन आले आणि पडद्यापुढे आ वासून उभे राहिले. "इथली गल्ली कुठं गेली? माहितीपत्रकावर छापलीय आपण ती."

मास्तरांनी शेवटचा टाका घातला आणि दाताने दोरा तोडला.

"शिवून टाकली," ते म्हणाले. "नायकाला म्हणावं, आता बाजूने ये."