पहिलं विमान कुठलं घ्यावं?

आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये विमानं कमी आणि किस्से जास्त आहेत. कारण साधं आहे. विमान पडलं की संपतं, किस्सा तिथून पुढे सुरू होतो!

विमानं म्हणजे रिमोटवर उडणारी. शहराबाहेर एका वेंचरचा, म्हणजे बिल्डरच्या प्लॉटिंगचा, मोकळा माळ आहे. प्लॉट पाडलेत, हद्दीचे दगड रोवलेत, घर मात्र अजून एकही नाही. तिथं आम्ही जमतो. चिक्कडपल्लीचे कुर्तडीकर काका कोर्टातून रिटायर झालेले, ग्रुपमध्ये सगळ्यात जुने. निखिल पुण्याहून आलेला, आयटीतला. खालिदभाई मोटर वाइंडिंगवाले. आणि मी.

मी दहावीच्या आधीच शाळा सोडली. आता लग्नपत्रिकांच्या प्रेसमध्ये काम करतो. बाबा मात्र शिक्षक होते. ते रागावत नाहीत, एवढंच म्हणतात, "तुझं एखादं काम पुरं झालेलं बघायचंय मला." म्हणून मला एक विमान हवं होतं. स्वतः उडवायचं आणि बाबांसमोर नीट खाली उतरवायचं. बस्स.

*

पहिलं विमान कुठलं घ्यावं, हे मी तिघांनाही विचारलं. तीच चूक झाली.

काका म्हणाले, "चार चॅनेलचं घे. मोटर, वर-खाली, डावं-उजवं आणि पंख कलवायचं. सगळं एकदमच शिकावं माणसानं."

निखिल म्हणाला, "चार? वेडा आहेस का? तीन घे. पंखांचं नंतर बघू."

खालिदभाई हातातलं काम न थांबवता म्हणाले, "दोईच बस है मियाँ. जित्ता कम, उत्ता अच्छा."

जो भेटेल तो एक चॅनेल कमी करत होता. चौथा कुणी भेटला असता तर मी पतंग घेऊन घरी गेलो असतो!

*

शेवटी हिंमत करून दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "किसके वास्ते? बच्चे के वास्ते?"

स्वतःसाठी हवंय म्हणायची लाज वाटली. म्हटलं, "हौ, भांजे के वास्ते."

"क्या उम्र है भांजे की?"

मला खोटं एका वेळी एकच जमतं. तोंडातून माझं खरं वय निघून गेलं. "चौबीस."

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "और मामू की?"

*

काचेच्या कपाटात एक लढाऊ विमान होतं. काळं, टोकदार, काय सुंदर! मी लगेच ग्रुपवर फोटो पाठवला. खालिदभाईंचा व्हॉइस मेसेज आला, "शोकेस में अच्छा दिखरा ना? उसकू वहींच रैने दो. जो सबसे बेढब दिखरा, वो लो."

मी आपला भोळेपणानं दुकानदाराला विचारलं, "भैया, आपके यहाँ सबसे बेढब कौनसा है?"

त्याला खरंच वाईट वाटलं. तरी त्यानं एक दाखवलं. पांढरा फोम, पंख डोक्यावर, पोट फुगलेलं. मी तेच घेतलं. पैसे घेताना तो म्हणाला, "भांजा रोयेगा तो मेरेकू नक्को बोलो!"

*

आता शिकायचं. निखिल कॉम्प्युटरवर शिकला होता. स्क्रीनवर तो विमान उलटं करून झाडाखालून काढायचा. माळावर पहिल्याच दिवशी त्याचं विमान सरळ जाऊन दगडावर आपटलं. तुकडे झाले. आम्ही धावलो. निखिल जागेवरच उभा, अंगठ्यानं रिमोट चाचपत होता.

"काय शोधतोयस?" काकांनी विचारलं.

"रीसेट कुठंय?"

*

काकांची पद्धत वेगळी. विमान आपल्याकडे तोंड करून यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं. अशा वेळी काका विमानाकडे पाठ करतात आणि मान मागे वळवून बघतात. मग डावं ते डावंच राहतं.

हे समजावून सांगताना विमान त्यांच्याभोवती घिरट्या घालायला लागलं. काकाही फिरायला लागले. विमान फिरतंय, काका फिरताहेत, तोंडानं लेक्चर चालू. अखेर ते मटकन खाली बसले.

"काका, विमान सांभाळा!" मी ओरडलो.

"विमान ठीक आहे रे, मला धरा!"

मला डावं कुठलं तेही कळेनासं झालं.

*

माळावर प्लॉट दाखवायला एजंट येतात. एकदा एका जोडप्यानं विचारलं, एअरपोर्ट किती लांब आहे? एजंटनं आमच्याकडे बोट केलं. "दूर? वो देखो, लँडिंग होरी!"

*

आणि मग बाबा आले.

काकांनी दोन रिमोट वायरनं जोडले. एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. त्यांनी बटण दाबून धरलं की विमान माझ्या हातात, सोडलं की त्यांच्या हातात. खालिदभाईंनी विमान हातानं फेकलं. ते वर गेलं. मी वळवलं, वळलं! बाबा दगडावर बसून कपाळावर हात धरून बघत होते.

"आण आता खाली," काका म्हणाले.

मी मोटर बंद केली. पुढचं काही सुचेना. विमान आलं, दगडांच्या वरून गेलं, गवतावर टेकलं, घसरत थोडं पुढे गेलं आणि थांबलं. एक ओरखडा नाही!

टाळ्या पडल्या. मी काकांच्या पाया पडलो. "तुम्ही हातात घेतलंत म्हणून वाचलं."

"मी? मी बटण सोडलंच नाही. तूच उतरवलंस!"

"काका, मी तर घाबरून हातच काढले होते."

खालिदभाईंनी गवतातून वायरचं टोक उचललं. "ये तो कबकी निकली पडी है."

बाबा उठून आले. "कुणी उतरवलं?"

मी काकांकडे बोट केलं. काकांनी माझ्याकडे. खालिदभाईंनी विमानाकडे.

बाबांनी वाकून विमान उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि माझ्या हातात दिलं.

"जन्म वर्गात गेला माझा. कोरा पेपर देऊन पास झालेला आज पहिल्यांदा बघतोय. उडव पुन्हा!"