मांडव्याचा प्रोसेसर

तिघांचं ऑफिस असलं की काम कमी आणि किस्से जास्त साठतात, त्यात समोर समुद्र असला तर विचारूच नका! मांडव्याच्या जेट्टीजवळ, नारळांच्या सावलीत, भाड्याच्या घरात आम्ही प्रोसेसर बनवत होतो. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. वैशाली उरणची, एका मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून आलेली, तिचंच हे वेड. दुसरा अल्ताफ आणि तिसरी मी.

त्या मोठ्या कंपनीने वैशालीला सांगून ठेवलं होतं, "डिझाइन आम्हाला विका आणि परत या." विकलं की ते कपाटात जाणार, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. वैशाली म्हणाली, "कारखान्यातून चिप बनून येऊ दे. चालली तर नाही म्हणेन, मेलेली निघाली तर सही करेन." दुसऱ्यांदा बनवून घ्यायची आमची ऐपत नव्हती.

तोवर आमचा प्रोसेसर कुठेच नव्हता. तो फक्त दुसऱ्या कॉम्प्युटरवर, सिम्युलेशनमध्ये चालायचा, आणि तोही इतका सावकाश की त्याचा एक सेकंद संपायला आम्हाला आठवडे लागायचे. अल्ताफ म्हणायचा, "कॉम्प्युटरला स्वप्न पडलंय, हळू बोला!" आणि खरंच आम्ही हळू बोलायचो. दुपारी खिडकीतून लांबची जहाजं बंदराकडे सरकताना दिसायची. आपणही त्याच स्वप्नात आहोत असं मला वाटायचं आणि फार बरं वाटायचं.

*

आम्ही दारावर पाटी लावली, 'प्रोसेसर आर्किटेक्चर'. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या गावातले एक काका घराचा नकाशा घेऊन हजर!

"दोन मजली पायजे. पन स्वयंपाकघर काय नीट बसत न्हाय."

वैशाली समजावणार, तेवढ्यात अल्ताफने नकाशा ओढून घेतला. लागणारी माहिती प्रोसेसरच्या हाताशी ठेवायची, हेच तर तो दिवसभर करायचा. त्याने कोठीची खोली उचलून स्वयंपाकघराला चिकटवली. "फेऱ्या वाचतील, काका!"

काकांनी घर तसंच बांधलं. आमचं पहिलं डिझाइन प्रत्यक्षात उतरलं ते असं, सिमेंटमध्ये!

*

वैशालीचे आबा पूर्वी मिठागरात होते. एकदा मासळीचा डबा घेऊन आले, तेव्हा ती त्यांना समजावत होती. प्रत्येक प्रोसेसरला एक भाषा कळते. चलनातली भाषा वापरायची तर तिच्या मालकाकडून लायसन्स घ्यावं लागतं. म्हणून आम्ही सगळ्यांना खुली असलेली भाषा घेतली.

आबा चाट पडले. "भाषेला मालक? म्हंजे आपली आगरी बोलाला पन कोनी लायसन मागंल काय?"

"न्हाय रे आबा!"

"मंग आपुनच मागाला सुरू करू. मुंबईची पोरां लग्नात आपलीच गानी वाजवतान!"

*

पुण्याची एक टीम आमच्यासारखीच चिप बनवत होती. आधी कोण, अशी चुरस. एका रविवारी एक पर्यटक पाणी मागायला आला आणि पाटी बघून जागीच थांबला. अल्ताफने चेहरा ओळखला. पुण्याच्या टीमचाच माणूस!

आता घरी आलेल्याला चहा तर द्यायलाच हवा. दोघं तासभर बसले. सुरमईबद्दल बोलले, रस्त्यांबद्दल बोलले, पण चिपबद्दल चकार शब्द नाही. निघताना पायरीवर तो घुटमळला.

"तुमच्याकडेही फार गरम होतं का हो?"

"फार!" अल्ताफ कळवळून म्हणाला.

तो हवेबद्दल नाही, हिशेबातच तापणाऱ्या चिपबद्दल विचारतोय, हे दोघांनाही कळलं. तेवढंच काय ते आमचं गुपित बाहेर फुटलं.

*

आम्हाला भांडवल देणारे साहेब ऐन पावसाळ्यात मुंबईहून आले. घरात न येता अंगणातूनच विचारलं, "मग, लाँच कधी?"

वैशाली बोटांवर महिने मोजू लागली. साहेबांना घेऊन आलेला, एरवी जेट्टीवर लाँचच्या उतारूंची वाट बघणारा रिक्षावाला मात्र मदतीला धावला. "पावसाळ्यात बंद असते, साहेब! गणपतीनंतर बघा."

साहेब वैशालीकडे वळले. "गणपतीनंतर? उत्तम!"

*

आणि गणपतीनंतर चिप आली. काडेपेटीएवढ्या डबीत, आमची सगळी वर्षं! सकाळीच वैशालीने ती बोर्डावर बसवली. पहिलं काम तिने अगदी सोपं दिलं होतं. जगाला इंग्रजीत रामराम करायचा, दोनच अक्षरांत. आधी एच, मग आय.

बटण दाबलं. स्क्रीन काळीच. अल्ताफ डोळे मिटून पुटपुटत होता. वैशाली खुर्चीच्या दांड्या धरून बसली होती.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मी स्पीकरवर टाकला. आबा होते.

"काय गो बाय, तुजी चिप जित्ती हाय का न्हाय?"

आमचे डोळे स्क्रीनवरच. आबांनी पुन्हा विचारलं, या वेळी जरा हळू. "बाय? हाय का न्हाय?"

स्क्रीनवर एच उमटला. आम्ही श्वास रोखले. त्याच्या शेजारी आय उमटला.

वैशालीच्या डोळ्यांना धार लागली होती. तिने समोर जे दिसत होतं तेवढंच वाचून दाखवलं.

"हाय, आबा. हाय!"