बिस्किटाच्या डब्यातल्या तीन चिठ्ठ्या

हिल्त्ये बोस्ग्राने डोक्कुम गावाच्या पंचक्रोशीत एकतीस वर्षं बस हाकली. बसमधून निवृत्त झाली, पण ताऱ्याची नोकरी काही सोडली नाही. उत्तर मुकुट या तारकासमूहातला तो एकच तारा. वर्षानुवर्षं एकसारखा तेवतो आणि मनात आलं की कुणाला न सांगता मंदावतो. अशा लहरी जिवावर कुणीतरी लक्ष ठेवायला नको? एकोणतीस वर्षं, आभाळ उघडं असेल त्या प्रत्येक संध्याकाळी, हिल्त्ये हातातल्या दुर्बिणीतून तो बघत आली. आजूबाजूच्या ताऱ्यांशी ताडून त्याच्या तेजाचा आकडा वहीत लिहायचा, आणि लिहून होईपर्यंत दुसऱ्याचा आकडा ऐकायचा नाही, हा तिचा नेम.

वसंतात तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ऑक्टोबरात तिने लिहिलं, सात पूर्णांक एक. आकडा वाढला की तारा मंद. आकाशनिरीक्षण क्लबातल्या सित्सेचा नवा कॅमेरा मात्र महिनाभर सहावरच ठाम होता. महिन्याच्या अहवालात आकडा एकच जायचा होता.

"वाईट वाटून घेऊ नकोस हिल्त्ये," क्लबचा अध्यक्ष वाइब्रेन चुळबुळत म्हणाला. "वय कुणाला चुकलंय? तो तारा आता सित्सेला देऊन टाकू."

"देऊन टाकू? गाय आहे का ती, बाजारात न्यायला?"

"राग मानू नका," सित्से हसला, "पण कॅमेऱ्याला मोतीबिंदू होत नाही."

"अक्कलदाढही येत नाही."

बोलण्यात ती कुणाला हार जाणारी नव्हती, पण आतून पार हादरली होती. डोळेच फसवत असतील, तर एकोणतीस वर्षांची वही आज इथेच मिटायची.

"वाइब्रेन, डबा काढ," ती म्हणाली.

ही क्लबची जुनी रीत. वाद झाला की ज्याने त्याने वेगवेगळं जाऊन बघायचं, चकार शब्द न बोलता चिठ्ठी लिहायची आणि बिस्किटाच्या डब्यात टाकायची. टाकलेली चिठ्ठी परत घ्यायची नाही. सित्सेने कित्येक वर्षांत दुर्बिणीला डोळा लावला नव्हता, पण रीत म्हणजे रीत.

आठ वाजत आले होते. समुद्राच्या बांधावर तिघं एकमेकांपासून लांब उभे राहिले आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत वीस मिनिटं गप्प थांबले. मेंढ्या तेवढ्या खोकत होत्या. मुकुट पश्चिमेला खाली उतरला होता. हिल्त्येने पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि दिसलं तेच लिहिलं.

क्लबच्या खोपटात परतल्यावर लाल दिव्याखाली वाइब्रेनने डबा उघडला.

"हिल्त्ये, सात पूर्णांक एक. माझी, सात." तिसरी चिठ्ठी त्याने दोनदा वाचली. "सित्से, सात पूर्णांक दोन."

सित्सेचा चेहरा पडला. "दिसलं ते लिहिलं," तो पुटपुटला. "पण मग कॅमेरा?"

हिल्त्ये त्याच्या कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर जाऊन बसली. एक नजर ताऱ्यांच्या नकाशावर, एक चित्रावर. मग ती खदखदून हसली.

"अरे, हे चित्र आरशातलं आहे! जागा नाही म्हणून तू कॅमेऱ्याआधी आरसा बसवलास ना? एकतीस वर्षं मी बसच्या आरशात मागच्या गाड्या अशाच बघितल्या, डावीकडची उजवीकडे. महिनाभर तू शेजारच्या ताऱ्याची नाडी धरून बसलायस बाबा. त्याला कशाला ताप येईल?"

सित्सेने चित्राचं डावं-उजवं उलटवलं. खरा तारा दुसऱ्या बाजूला होता, आणि चांगलाच मंदावलेला.

वाइब्रेनने तिथल्या तिथे देशाच्या निरीक्षण केंद्राला हिल्त्येच्या नावाने नोंद पाठवली. कॉफी उकळायच्या आत उत्तर आलं. हा तारा मंदावल्याची नोंद देशात तिच्याआधी कुणीही केलेली नव्हती.

हिल्त्येला इतका आनंद झाला की तिला तो लपवताही येईना. तिने वही छातीशी धरली आणि सगळ्यांसमोर रडून घेतलं.

क्लबात कपामागे एकच बिस्कीट मिळतं. प्रत्येकाने घेतलं की वाइब्रेन झाकण लावतो, कुणासाठी थांबत नाही. सित्सेने डबा हिल्त्येपुढे धरला. "घ्या. आणि अजून एक घ्या."

तिने दुसरं घेताना वाइब्रेनकडे पाहिलं. झाकण त्याच्या हातातच होतं.

"बघतेस काय?" तो म्हणाला. "तिसरं घे."