भामावन्संना कुणी धरायचं नाही

माझ्या नणंदेला पाण्यात धरून नेणाऱ्या माणसाचं नाव हर्षद. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे मी त्याच्याबद्दल जे बोलणार आहे त्यावरून तुमचा गैरसमज व्हायचा. पुण्याचा मुलगा, नोकरी आयटीत. शनिवार-रविवारी सिकंदराबादच्या एका पोहण्याच्या तलावात लोकांच्या पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून त्यांना पाण्याखाली राहायला शिकवतो, आणि वर्षातून दोनदा त्यांना विशाखापट्टणमच्या समुद्रात घेऊन जातो. बोलायला गोड. त्या गोड बोलण्यानंच माझ्या डोक्यात तिडीक जायची.

नणंद म्हणजे भामा. वय एक्कावन्न, काचीगुड्याच्या रेल्वे पार्सल ऑफिसात हेडक्लार्क. दोन वर्षांची असताना पोलिओ झाला, डावा पाय काडीसारखा राहिला. कॅलिपर चढवून, काठी टेकत अंबरपेठहून रोज कामाला जाते आणि माझ्याआधी घरी येते. लग्न केलं नाही. म्हणजे बघायला आलेल्यांनाच तिनं नापास केलं. एकजण म्हणाला, "पायाचं काही नाही, आम्ही सांभाळून घेऊ." हिनं त्याच्या हातातली पोह्यांची बशी काढून घेतली. मी तेव्हा या घरात नवी नवरी होते. दाराआड उभी राहून इतकी हसले, की सासूबाईंनी मला चिमटा काढला. वयानं माझ्याहून लहान, पण घरच्या रीतीप्रमाणे मी तिला वन्संच म्हणते. आता तीस वर्षं झाली.

तलावाचं खूळ माझ्या लेकीनं, ईशानं आणलं. तिला जोडीदार हवा होता, मैत्रीण ऐनवेळी फिरली, म्हणून ही आत्याला घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासून कागदावर सही केली आणि वन्सं पाण्यात उतरल्या. त्या दिवशी घरी आल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. डोळे लाल, केस ओले. म्हणाल्या, "वहिनी, खाली मी लंगडत नाही हो." मी पोळी तव्यावर टाकली होती, ती करपली. मला रडूच आलं.

पण गंमत अशी, की पाण्यात जाताना अंगात एक फुगवायचं जाकीट घालतात. त्यात हवा भरली की माणूस वर येतो, सोडली की खाली जातो. हर्षदच्या क्लबातली जाकिटं सगळी धिप्पाड बाप्यांच्या मापाची. वन्संचं धड आखूड. जाकीट फुगलं की छाती आवळायचं आणि वर सरकून कानाशी यायचं. हवा एकीकडून दुसरीकडे पळायची. त्यात डावा पाय हलका, तो वर तरंगायचा. बाई पाण्यात कलंडायची ती कलंडायचीच. मग हर्षद मागून यायचा, सिलिंडरची मान धरायचा आणि तिला सरळ करून हळूहळू पुढे न्यायचा. तास संपेपर्यंत त्याचा हात सुटायचा नाही. "काकू, टेन्शन नका घेऊ, मी आहे ना."

जानेवारीच्या सहलीची यादी लागली. अकरा नावं. भामावन्संच्या नावापुढे कंसात लिहिलेलं, 'धरून'.

"मी पार्सल आहे का?" घरी आल्या आल्या काठी कोपऱ्यात आपटली. "कपाळावर चिठ्ठीच चिकटवा की मग. नाजूक, सांभाळून उतरवा! एकतीस वर्षं मी लोकांच्या खोक्यांवर त्या चिठ्ठ्या चिकटवल्या, वहिनी. मला नाही कुणी चिकटवायची."

आमचे हे, अंबाजीराव, पेपरामागून म्हणाले, "धरलं तर काय बिघडलं? समुद्र तर दिसेल ना."

"दादा, तुम्हाला जन्मात कधी कुणी मान धरून फिरवलंय?"

ह्यांनी पेपर आणखी वर केला. मग वन्संनी ईशाच्या फोनवर मला एक चित्र दाखवलं. पाठीला स्टीलची एक पत्रा-पट्टी, तिच्या आणि सिलिंडरच्या मध्ये हवेची एक पिशवी, आणि अंगावर फक्त पट्टे. छातीवर काही नाही. पट्टा ज्याच्या त्याच्या अंगाबरहुकूम ओवायचा. हवा सगळी पाठीवर, त्यामुळे माणूस पाण्यात पोटावर सरळ पडून राहतो. त्या पिशवीला पंख म्हणतात म्हणे. कोंडापूरचा एक मुलगा परदेशी निघाला होता, त्याच्याकडून ईशानं जुनी पट्टी आणि पंख आणला. पट्टे तेवढे नव्हते, त्यानं कापून फेकलेले.

हर्षद म्हणाला, "काकू, हे फार पुढचं सामान आहे. तुमच्यासारख्यांना जाकीट सेफ."

"माझ्यासारख्या म्हणजे कशा?"

मग त्यानं अट घातली, आणि अट रास्त होती, हेही मी कबूल करते. तलावाच्या खोल टोकाला, मध्यावर, दहा मिनिटं. तळाला टेकायचं नाही, वर यायचं नाही, कुणाचा हात लागायचा नाही. जमलं तर यादीतला कंस पुसला जाईल. नाही जमलं तर धरून, आणि पुन्हा वाद नाही.

आता माझी चूक ऐका. अंबरपेठेत माझं रेक्झिनच्या बॅगा शिवायचं दुकान आहे. जाड मशीन आहे, हात बसलेला आहे. मी ऐटीत म्हटलं, "पट्ट्याचं माझ्यावर सोडा." आणि काय आणलं, तर पलंगाची नवार. चांगली घट्ट विणीची, पांढरीशुभ्र. मी नवारीवर जन्म काढलेली बाई, मला वाटलं याच्यापेक्षा भक्कम काय असणार? चार मीटर नवार पट्टीच्या भोकांतून ओवली, टोकं दुमडून शिवली, कमरेला बक्कल लावलं. घरात पंजाबी ड्रेसवर घालून बघितली, फोटो काढले, अगदी झकास.

परीक्षेआधी सरावाला म्हणून वन्सं ती घालून तलावात उतरल्या. नवार सुती. पाणी पिऊन ती अशी फुगली, की बक्कलात रुतून बसली. वन्सं दोन मिनिटांत कलंडल्या, वर आल्या आणि मग अंगातून ते सामान निघेचना. बक्कल हलेना, खांदा सुटेना. मी काठावरून ओरडतेय, "अगं बाई, ओढा, ओढा!" शेवटी हर्षदनं कात्री आणून सगळ्यांच्या देखत नवार कापली. कुणी हसलं नाही, तेच फार लागलं. सगळे दयेनं बघत होते.

"काकू," तो म्हणाला, "कशाला हा हट्ट?"

घरी परतायला रिक्षा केली. चादरघाटच्या सिग्नलला मी म्हटलं, "चूक माझी होती." तर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चूक नवारीची होती. हट्ट माझा आहे. तो कात्रीनं नाही कापला जायचा." मला इतकं बरं वाटलं, की रिक्षातच त्यांचा हात दाबला. त्यांनी तो ओढून घेतला, पण हळू.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून सिकंदराबादला गेले. तिथं लष्कराचा जुना माल विकणारी दुकानं आहेत. दुकानदाराला म्हटलं, "भाई, पाणी लगा तो फूलना नक्को." त्यानं नायलॉनचा काळा पट्टा काढला. मी तिथंच त्याच्याकडून बादलीभर पाणी मागितलं आणि पट्टा तासभर बुडवून बसले. "अम्मा, पट्टा लेने आये की कपडे धोने?" म्हणाला. बोल बाबा, काय बोलायचं ते बोल. तासानं बक्कलात घालून ओढला, सुळकन निघाला. तेव्हा घेतला.

या वेळी माप घेताना वन्संना पाण्यात घालायचे ते रबरी कपडे घालायला लावले. डिसेंबरातसुद्धा घामानं निथळल्या. एक पट्टा पाठीच्या पट्टीच्या खालून निघून दोन्ही पायांमधून पुढे कमरेशी येतो. क्लबातले पोरगे तो लाजून सैल सोडतात, मग सगळं सामान मानेवर चढतं. मी सासूबाईंचं नऊवारी नेसणं जन्मभर बघितलेलं. काष्टा सैल राहिला तर बाईला दिवसभर वावरात वाकता येईल का? खस्सकन आवळला. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, जीव घेता का!" पण हातपाय हलवून बघितले आणि म्हणाल्या, "आता हे माझं झालं."

राहिला डावा पाय. त्याचं उत्तर वन्संनीच काढलं. पार्सलच्या हातगाडीवर माल एकीकडे जास्त झाला, की ओढणाऱ्याच्या खांद्याला आधी कळतं, आणि मग एकच खोकं इकडचं तिकडे करायचं असतं. खाली जाता यावं म्हणून कमरेला शिशाची वजनं बांधतात, त्यातलं उजवीकडचं एक छोटं काढून त्यांनी डाव्या पोटरीला बांधलं. दर रविवारी सकाळी ईशाला नजर ठेवायला घेऊन उथळ पाण्यात जायच्या आणि ते वजन दोन बोटं वर, एक बोट खाली करत बसायच्या. चार रविवार.

परीक्षेच्या दिवशी मी काठावर फरशीवर बसले. हर्षद सिलिंडर लावून खाली, थोडा दूर. ईशाच्या हातात घड्याळ. पाणी स्वच्छ होतं, वरून सगळं दिसत होतं. वन्संनी हवा सोडली, खाली गेल्या आणि मध्येच थांबल्या. पोटावर, सरळ. एक पाय जाड, एक बारीक, दोन्ही एका रेषेत. मी त्यांना कधी असं सरळ बघितलंच नव्हतं. पाच मिनिटं झाली, सहा झाली. मला श्वास घेता येईना आणि त्या मात्र शांत श्वास घेत होत्या.

आठव्या मिनिटाला त्या किंचित डावीकडे झुकल्या. किंचितच. त्यांनी स्वतःच खांदा फिरवायला सुरुवात केली होती, मी बघितलं. पण हर्षदचा हात सवयीनं पुढे आला आणि त्यानं सिलिंडरची मान धरली. वन्संनी झटकन त्याचा हात झिडकारला आणि वर आल्या.

"सॉरी काकू, सॉरी," तो मागोमाग वर आला. "माझीच चूक. जाऊ द्या, तुम्ही पास. मी लिहून टाकतो."

मी टाळी वाजवायला हात उचलला. ईशा ओरडली, "येस, आत्या!"

"कसली पास?" वन्संनी तोंडातली नळी काढली. दम लागलेला, ओठ निळसर. "हात लागला ना? अट तुझीच होती. घड्याळ पहिल्यापासून लाव."

"अहो, पण तुम्ही दमलात. मी म्हणतोय ना, झालं."

"तू म्हणतोस म्हणून नको. सिलिंडर बदलून दे. आणि तू वर बस, वहिनींजवळ. खाली ईशा येईल."

"भामाकाकू, ऐका ना."

"आयुष्यभर ऐकलं," त्या म्हणाल्या. "सांभाळून घेऊ, सांभाळून घेऊ. मला दोन मिनिटं कमी घालून कुणी समुद्र द्यायचा नाही."

हर्षद माझ्याशेजारी येऊन बसला. मला वाटलं होतं याला चार शब्द सुनावावेत, आठवडाभर मनात तयार होते. पण त्याच्याकडे बघितलं तर बिचाऱ्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरलेले. मी माझ्या डब्यातला लाडू त्याच्यापुढे केला. तो म्हणाला, "नंतर." मी म्हटलं, "बरं."

चौथ्या मिनिटाला वन्सं झुकल्या. त्याचे हात मांड्यांखालून निघाले. "बस," मी म्हटलं, "गप बस." खाली वन्संनी खांदा फिरवला आणि सरळ झाल्या. नवव्या मिनिटाला पुन्हा तेच झालं, पुन्हा सरळ झाल्या. ईशानं खालून दहा बोटं वर केली तेव्हा मी इतक्या मोठ्यानं ओरडले, की बाहेरून चौकीदार धावत आला.

वन्सं शिडीपाशी आल्या. वर चढायचं म्हणजे कॅलिपर नाही, काठी नाही, पाठीवर ते धूड. हर्षद धावला. वाकून त्यांच्यापुढे हात केला.

वन्संनी हाताकडे बघितलं. मग कमरेचं बक्कल उघडलं. पट्टा सुळकन सुटला. पट्टी, पंख, सिलिंडर असं सगळं ओलं धूड त्यांनी त्याच्या पसरलेल्या हातावर ठेवलं.

"धरायचंच आहे ना तुला? हे धर," म्हणाल्या, आणि दोन्ही हातांनी शिडी पकडून एकेक पायरी वर आल्या.