करपलेल्या कांद्याचा रस्सा

आमचे हे वेल्डर. आठवडाभर ठिणग्यांशी भांडतात आणि सुट्टीच्या दिवशी माझ्या स्वयंपाकघराशी. त्या दिवशी कोंबडीचा रस्सा हेच करणार, मी फक्त भांडी घासायची! कांदा काळाकुट्ट होईपर्यंत भाजायचा, हा यांचा नियम. "आमच्या अण्णांची रीत आहे," हे ऐकून ऐकून माझे कान किटले. सासरे मी पाहिलेले नाहीत, पण त्यांच्या कांद्याने माझी कढई मात्र कायमची काळी केली. लेकीलाही हेच शिकवलं. दोघं धुरात खोकत उभे, आणि भिंतीपलीकडून शेजारीण विचारते, "वहिनी, काही जळतंय का हो?"

लेकीचं लग्न ठरलं आणि व्याही-विहीण पहिल्यांदाच जेवायला आले. मी हात जोडले, "अहो, आज तरी कांदा लाल झाला की उतरवा." ऐकतील तर शपथ!

पानावर व्याह्यांनी एक घास घेतला आणि तांब्याभर पाणी प्यायले. हे आपले रंगात येऊन सांगतायत, अण्णांचं गुपित, अण्णांचा हात. तेवढ्यात यांची थोरली बहीण, आमच्या नणंदबाई, म्हणाल्या, "गुपित कसलं डोंबलाचं! रंगाच्या कारखान्यात अण्णांचं नाक गेलं होतं. कांदा करपला तरी त्यांना वास यायचा नाही. आई डोळे वटारायची, गपचूप गिळा म्हणून. आणि तूच सगळ्यांच्या वर, 'छान झालंय अण्णा!'"

व्याही ठसका लागेपर्यंत हसले. मला तर धरणीने पोटात घ्यावं असं झालं. हे वाढायचा डाव हातात धरून तसेच उभे, कानाच्या पाळ्या लालबुंद. "भात आणतो," म्हणाले आणि आत गेले. भात पानातच होता.

पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "तुम्हाला खरंच आवडायचा का हो?"

"कडू लागायचा," हे जमिनीकडे बघत म्हणाले. "पण सगळे मुकाट खायचे. मला वाटलं, आपलीच जीभ वाईट."

मग कित्येक सुट्ट्या यांनी गॅसला हात लावला नाही. लेकीनेच पाठी लागून पुन्हा उभं केलं. खिडकी उघडली, कांदा लाल झाल्या झाल्या उतरवला. काय रस्सा झाला होता म्हणून सांगू! लेकीने घास तोंडात घातला आणि सवयीने म्हणाली, "छान झालंय, बाबा."

यांचा हात ताटातच थांबला.

"आजचं खरं," यांनी हळूच विचारलं, "की नेहमीचं?"

लेकीची मान खाली गेली, ती वर येईना.